अतिमंद सिग्नलसाठी मोजणीची उपकरणे निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. मकरपुरा जीआयडीसीतील आपल्या छोट्या प्रयोगशाळेकडे दोन कामे आली आहेत. एक, मिनिटाला १२ फेरे घेणाऱ्या मोठ्या मिक्सरच्या शाफ्टचे डोलणे नोंदवायचे आहे. दुसरे, एका लोडसेलच्या (भार मोजणाऱ्या सेन्सरच्या) सिग्नलमध्ये काही सेकंदांपासून दीड-दोन मिनिटांपर्यंतच्या आवर्तनाचा जो चढउतार दिसतो, त्याचे मूळ शोधायचे आहे. आपल्यापाशी १०० मेगाहर्ट्झचा आठ-बिटी ऑसिलोस्कोप आणि एक चांगला हातातला मल्टिमीटर आहे. एक विक्रेता ३ गिगाहर्ट्झचा वापरलेला स्पेक्ट्रम ॲनालायझर देऊ करतो आहे. तो घ्यावा का, आणि न घेतल्यास ३ लाखांच्या आत काय घ्यावे, असे आपण विचारले आहे.

तो ॲनालायझर घेऊ नये. कारणे सविस्तर सांगतो, कारण ती समजली की काय घ्यावे याचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते.

आधी शब्दाचा घोळ दूर करू. 'व्हीएलएफ' हे नाव आपल्या बडोद्यात तीन वेगळ्या मंडळींच्या तोंडी तीन अर्थांनी येते. रेडिओवाल्यांच्या भाषेत तो ३ ते ३० किलोहर्ट्झचा पट्टा आहे. केबलवाल्यांच्या भाषेत तो ०.१ हर्ट्झचा उच्चदाब चाचणी-संच आहे. आपल्यासारख्या मोजणीवाल्यांना त्यातून १० हर्ट्झच्या खालचे, बहुतेक वेळा १ हर्ट्झच्याही खालचे सिग्नल अभिप्रेत असतात. विक्रेत्याला फोनवर नुसते 'लो फ्रीक्वेन्सीसाठी हवे आहे' असे सांगितले, तर तो पहिल्या अर्थाने ऐकतो आणि 'आमचा ९ किलोहर्ट्झपासून चालतो' असे मोठ्या विश्वासाने सांगतो. म्हणून चौकशी करताना आकडा सांगावा: ०.०१ ते १० हर्ट्झ.

आता त्या ३ गिगाहर्ट्झच्या यंत्राविषयी. या जातीचे बहुतेक ॲनालायझर ९ किलोहर्ट्झपासून सुरू होतात. काही महागडी मॉडेल्स २० हर्ट्झपर्यंत किंवा त्याखालीही उतरतात, पण तिथे त्यांच्याच अंतर्गत ऑसिलेटरचा सिग्नल शून्य वारंवारतेवर उंच सुळक्यासारखा उभा राहतो आणि त्याच्या उतारावर आपला सिग्नल गाडला जातो. दुसरी अडचण वेळेची आहे. हे यंत्र एक अरुंद फिल्टर पट्ट्यावरून सरकवत नेते आणि त्या सरकण्याला लागणारा वेळ फिल्टरच्या रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. समजा असे यंत्र शून्यापर्यंत पोहोचले आणि त्याला ०.०१ हर्ट्झ रुंदीचा फिल्टरही असला, तरी १ हर्ट्झचा पट्टा पाहायला, नेहमीचा २.५ चा गुणक धरून, २५ हजार सेकंद म्हणजे जवळजवळ ७ तास लागतील. तीच बारकाई एफएफटी (पूर्ण नोंद गणिताने वारंवारतांत फोडण्याच्या) पद्धतीने साधारण १०० सेकंदांच्या नोंदीतून मिळते, कारण तिथे सगळ्या वारंवारता एकाच वेळी मोजल्या जातात. आपल्या पट्ट्यात एफएफटीला पर्याय नाही.

मात्र एफएफटीलाही फुकट काही मिळत नाही. एफएफटीच्या आलेखातील दोन रेषांमधील अंतर हे नोंदीच्या कालावधीच्या व्यस्त असते. १०० सेकंदांच्या नोंदीत ०.०१ हर्ट्झ, १००० सेकंदांच्या नोंदीत १ मिलिहर्ट्झ. शिवाय हॅन विंडो (नोंदीची दोन्ही टोके हळूहळू शून्याकडे उतरवणारा गुणक) वापरली, आणि ती वापरावीच लागते, तर शेजारच्या दोन शिखरांना वेगळे दिसण्यासाठी निदान दोन-तीन रेषांचे अंतर हवे, म्हणजे नोंद तितक्या पटीने लांब हवी. सिग्नल नियमित नसून गोंगाटाच्या स्वरूपाचा असेल तर सरासरीही घ्यावी लागते. १६ नोंदींची सरासरी घेतल्यावरसुद्धा प्रत्येक रेषेवरच्या शक्तीच्या आकड्यात २५ टक्क्यांची अनिश्चितता उरते. २०० सेकंदांच्या १६ नोंदी म्हणजे ५३ मिनिटे झाली. कोणत्याही किमतीचे यंत्र हा वेळ कमी करू शकत नाही. म्हणून ग्राहकाला दर सांगताना यंत्राचे भाडे आणि माणसाचा दिवस या दोहोंत दिवसाचा हिशेब आधी करावा, असे मी माझ्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येकाला सांगत आलो आहे.

आपल्या ऑसिलोस्कोपकडे वळू, कारण नवीन काही घेण्यापूर्वी तो कुठे फसवतो हे पाहणे आवश्यक आहे. त्यावरचे एसी कपलिंगचे (सिग्नलमधला स्थिर भाग अडवण्याचे) बटण हा या पट्ट्यातला सर्वांत मोठा शत्रू आहे. आत एक छोटा कपॅसिटर १ मेगाओहमच्या इनपुटच्या मालिकेत येतो. तो ०.०२२ मायक्रोफॅरडचा असेल तर छेद-वारंवारता (जिच्याखाली सिग्नल घटत जातो ती) ७ हर्ट्झच्या वर जाते आणि ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर १.६ हर्ट्झ येते. आपला मिक्सर ०.२ हर्ट्झवर आहे. तो सिग्नल एसी कपलिंगमधून आठव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी होऊन बाहेर पडेल, आणि त्याची कला (फेज) ८० अंशांच्या पलीकडे सरकलेली असेल. पडद्यावर लाट मात्र छान, गुळगुळीत दिसेल आणि कोणाला शंका येणार नाही. कलेची चूक तर छेद-वारंवारतेच्या दहापट वरही जवळजवळ ६ अंश असते. दोन चॅनेलांमधील कलाभेद मोजायचा असेल तर हे विसरून चालत नाही. तेव्हा आपल्या पट्ट्यात सदैव डीसी कपलिंगच असावे.

डीसी कपलिंग केले की दुसरे दुखणे उभे राहते. सेन्सरचा सिग्नल बहुधा मोठ्या स्थिर दाबावर बसलेला असतो. २ व्होल्टांवर ५ मिलिव्होल्टांची लाट असेल आणि स्कोप ५ व्होल्टांच्या पूर्ण पल्ल्यावर ठेवला असेल, तर आठ-बिटी कन्व्हर्टरची एक पायरी जवळजवळ २० मिलिव्होल्टांची होते. म्हणजे आपली लाट एका पायरीच्या पोटात मावते. यावर काही जण मोठा कपॅसिटर लावून ०.०१ हर्ट्झची छेद-वारंवारता साधतात. त्याने काम होते, पण तो परिपथ २ व्होल्टांवरून १ मिलिव्होल्टपर्यंत शांत व्हायला २ मिनिटे घेतो, आणि कोणी चुकून प्रोब हलवला की ती २ मिनिटे पुन्हा सुरू होतात. छेद-वारंवारता १ मिलिहर्ट्झ केली तर थांबणे २० मिनिटांवर जाते. त्यापेक्षा स्थिर दाबासकट सगळा सिग्नल पेलू शकेल एवढा बारीक कन्व्हर्टर घेणे केव्हाही सोयीचे. २४-बिटी सिग्मा-डेल्टा कन्व्हर्टर (अतिवेगाने नमुने घेऊन त्यांची सरासरी काढणारे) आता स्वस्त झाले आहेत. त्यांचे शेवटचे काही बिट गोंगाटात जातात हे खरे आहे. तरीही कमी वेगावर २० बिटांच्या आसपास हाती लागतात आणि ५ व्होल्टांच्या पल्ल्यात ५ मायक्रोव्होल्टांची पायरी मिळते. एसी कपलिंगची गरजच संपते.

आपला हातातला मल्टिमीटर एसीच्या खुणेवर ठेवून या कामाला लावू नये. अशा मीटरांची एसी अचूकता बहुधा ४० किंवा ४५ हर्ट्झपासून पुढेच दिलेली असते. टेबलावरच्या साडेसहा अंकी मीटरांचीही गत फार वेगळी नाही. एचपीचा ३४४०१ए हा आपल्याकडे जागोजागी दिसणारा मीटर घ्या. त्याचा सर्वांत मंद एसी फिल्टर ३ हर्ट्झपासून चालतो आणि एका वाचनाला ७ सेकंद घेतो. पण तोच मीटर डीसीवर ठेवून ठरावीक अंतराने वाचने घेत राहिलो, तर तो या पट्ट्यातला उत्तम डिजिटायझर ठरतो. त्याचे एकात्मन १ पीएलसीवर म्हणजे ५० हर्ट्झच्या एका आवर्तनाएवढे, २० मिलिसेकंद, ठेवले की ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटीतल्या साऱ्या वारंवारता सरासरीत विरून जातात. ऑटोझिरो (प्रत्येक वाचनाबरोबर स्वतःचे शून्य तपासण्याची सोय) चालू असेल तर प्रत्येक वाचनाला दुप्पट वेळ लागतो एवढे लक्षात ठेवावे. ०.०१ ते १ हर्ट्झच्या कामासाठी वापरलेला साडेसहा अंकी मीटर, संगणकाशी जोडणारी केबल आणि वाचने फाइलमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्रॅम एवढ्यावर मी कित्येक वर्षे पोट भरले आहे.

५० हर्ट्झचा विषय निघालाच आहे तर माझीच एक फजिती सांगतो. ती आपल्या लोडसेलच्या कोड्याच्या अगदी जवळची आहे.

एका भट्टीच्या तापमानाच्या नोंदीत सुमारे ३० सेकंदांच्या आवर्तनाची संथ लाट दिसत होती. आमचा लॉगर दर १०० मिलिसेकंदांनी एक नमुना घेत असे आणि त्यात कोणताही फिल्टर नव्हता. तो आम्हीच स्वस्तात पडला म्हणून निवडला होता. कंट्रोलर 'हंट' करतो आहे, म्हणजे ठरलेल्या तापमानाच्या वर-खाली झुलतो आहे, असे ठरवून आम्ही दोन दिवस पीआयडीचे (कंट्रोलरच्या मांडणीचे) आकडे पिळत बसलो. लाट कधी ३० सेकंदांची, कधी मिनिटभराची होई, मध्येच जवळजवळ थांबे आणि संध्याकाळी पुन्हा वेग धरी. भट्टी बंद केली तरी लाट चालूच राहिली, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. १०० मिलिसेकंद म्हणजे मेन्सची बरोबर ५ आवर्तने. ग्रिडची वारंवारता ५०.०३ हर्ट्झ असेल तर प्रत्येक नमुना मेन्सच्या लाटेवर किंचित पुढच्या जागी पडतो, आणि ०.०३ हर्ट्झची, ३३ सेकंदांची, खोटी लाट कागदावर उमटते. आपल्या ग्रिडची वारंवारता नियमांनुसार ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात राहावी अशी अपेक्षा असते आणि त्या पट्ट्यात ती दिवसभर हलत असते. आमची लाट भट्टीची नव्हती. आम्ही ग्रिडची नाडी मोजत होतो.

लोडसेलच्या बाबतीत पहिली तपासणी म्हणून आपणही हेच करावे. नमुन्यांचे अंतर १०० ऐवजी १०५ मिलिसेकंद करून पाहावे. चढउतार मेन्सचा असेल तर संथ लाट गायब होईल आणि तिच्या जागी दर ४ नमुन्यांनी परतणारी, २.४ हर्ट्झच्या आसपासची भरभर थरथर दिसेल. चढउतार जसाच्या तसा राहिला तर तो मेन्सचा नाही असे धरून पुढे जावे. खरेदी करताना याचा अर्थ असा की, ज्या डिजिटायझरमध्ये नमुन्यांच्या वेगानुसार आपोआप बदलणारा अँटी-एलियासिंग (अशा खोट्या लाटा आधीच अडवणारा) फिल्टर आहे तोच घ्यावा. सिग्मा-डेल्टा कन्व्हर्टरांत तो जन्मजात बऱ्यापैकी असतो. साध्या लॉगरमध्ये आणि स्कोपच्या रोल मोडमध्ये (पडद्यावर नोंद सावकाश सरकत राहते त्या पद्धतीत) तो बहुधा नसतो. 'फिल्टर सॉफ्टवेअरमध्ये आहे' असे कोणी सांगितले तर नमुने घेण्याचा प्रत्यक्ष वेग विचारावा, कारण एकदा दुमडून आत आलेला सिग्नल नंतरच्या कोणत्याही फिल्टरने वेगळा काढता येत नाही.

साउंडकार्ड वापरावे का, असे आपण ओघात विचारले आहे. नाही. ऑडिओचे कन्व्हर्टर २४ बिटांचे असले तरी त्यांच्या वाटेत कपॅसिटर असतात आणि पुष्कळदा आत डीसी काढून टाकणारा डिजिटल फिल्टरही असतो.

या पट्ट्यासाठीच जन्माला आलेले यंत्र म्हणजे डायनॅमिक सिग्नल ॲनालायझर. एचपी ३५६७०ए आणि स्टॅनफर्ड रिसर्चचा एसआर ७८५ ही त्यातली सर्वपरिचित नावे. दोन्ही डीसीपासून १०२.४ किलोहर्ट्झपर्यंत चालतात, त्यांत अँटी-एलियासिंग फिल्टर असतात, आणि स्वतःचा सिग्नल-स्रोत असल्यामुळे ट्रान्स्फर फंक्शनही (प्रणालीचा वारंवारतेनुसार प्रतिसाद) मोजता येते. त्याहून जुना एचपी ३५६२ए ६४ मायक्रोहर्ट्झपर्यंत उतरतो. नियंत्रण-प्रणालीचा प्रतिसाद रोज मोजायचा असेल, तर या कुटुंबातले वापरलेले यंत्र घेणे योग्य होईल. आपल्या दोन्ही कामांत मात्र एक लांब नोंद घेऊन ती सावकाश तपासायची आहे. ते यंत्र पडद्यावर तयार आलेख देते, पण आठ तासांची कच्ची नोंद सांभाळायला संगणकाशी जोडलेला २४-बिटी संच अधिक सोयीचा पडतो. कच्ची नोंद हातात असली की विंडो बदलता येते, उतार काढून टाकता येतो, वाईट तुकडा वगळता येतो. त्या यंत्रात एकदा चुकलेली मांडणी म्हणजे पुन्हा ५३ मिनिटे. जुनी यंत्रे घेताना पडदा, फ्लॉपी ड्राइव्ह आणि पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर या तिन्हींची दुरुस्ती किमतीत धरावी.

आता ज्या गोष्टीवर लोक सर्वांत कमी पैसे घालतात आणि जिथे सर्वांत जास्त घालायला हवेत, त्याकडे येतो: सेन्सर आणि कन्व्हर्टर यांच्यामधला भाग.

आपला लोडसेल २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा असेल आणि त्याला १० व्होल्ट दिले असतील, तर पूर्ण भारावर २० मिलिव्होल्ट मिळतात. आपण शोधत असलेला चढउतार पूर्ण भाराच्या दहा-हजाराव्या भागाएवढा आहे असे आपण लिहिले आहे. म्हणजे २ मायक्रोव्होल्ट. आता तांब्याची तार कथील-शिशाच्या डाखाला जिथे भेटते तिथे तापमानाच्या दर अंशामागे १ ते ३ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. कोवार या लोखंड-निकेल-कोबाल्टच्या मिश्रधातूचे पाय असलेल्या सुट्या भागाशी तांबे जोडले तर सुमारे ४० मायक्रोव्होल्ट. गंजलेल्या, ऑक्साइड चढलेल्या तांब्याच्या जोडात तर हा आकडा १००० मायक्रोव्होल्टांपर्यंत जातो. दोन जोड एकाच तापमानाला असतील तर ते एकमेकांना खोडतात. नसतील तर तापमानाचा फरक जसा हलेल तसा सिग्नल हलेल, आणि हवेच्या झुळकीने हलणारा तापमानाचा फरक नेमका काही सेकंदांपासून काही मिनिटांच्या आवर्तनाचा असतो. हा सगळा आपलाच पट्टा आहे.

मे महिन्यातल्या बडोद्यात पंख्याशिवाय बसणे अशक्य आणि पंख्याखाली मायक्रोव्होल्ट मोजणेही अशक्य. माझ्या टेबलावर एकदा शंटच्या (प्रवाह मोजण्याच्या छोट्या रोधाच्या) नोंदीत ५ मायक्रोव्होल्टांचे भटकणे दिसत होते आणि ते जेवणाच्या सुट्टीत थांबत असे. सुट्टीत पंखा बंद होत असे, एवढाच त्याचा अर्थ होता. मी रावपुऱ्यातून आणलेल्या लिलो चेवड्याचा रिकामा पत्र्याचा डबा त्या जोडांवर पालथा घातला आणि कडेच्या फटीत कापूस कोंबला. भटकणे अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आत आले. त्यानंतर मी प्रत्येक लघुदाब जोडणीला झाकण करत आलो. पत्र्याचे असेल तर ते शील्डही होते. जोड स्वच्छ तांब्यावर तांबे दाबून करावेत, दोन्ही बाजूंचे जोड शेजारी-शेजारी एकाच जाड ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर, विजेपासून अलग ठेवून, बसवावेत, आणि जवळ गरम होणारे काही ठेवू नये. चहाचा कप सुद्धा नको.

ॲम्प्लिफायर निवडताना डेटाशीटमधला नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झचा ठळक आकडा बाजूला ठेवावा, कारण तो बहुधा १ किलोहर्ट्झचा असतो. आपल्याला ०.१ ते १० हर्ट्झमधला शिखर-ते-शिखर गोंगाट हवा. ओपी०७ या नेहमीच्या ॲम्प्लिफायर चिपसाठी तो ०.३५ मायक्रोव्होल्ट आहे, ओपी२७ साठी ०.०८. चॉपर जातीचे (स्वतःचा ड्रिफ्ट सतत दुरुस्त करणारे) काही ॲम्प्लिफायर या आकड्यात ओपी२७ हून वाईट दिसतात आणि म्हणून पुष्कळ जण त्यांना नाकारतात. इथे माझे मत वेगळे आहे. ०.१ हर्ट्झच्या खाली गेल्यावर साध्या ॲम्प्लिफायरचा गोंगाट वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात चढतच जातो आणि त्याला तापमानाचा ड्रिफ्ट येऊन मिळतो. चॉपरचा गोंगाट मात्र जवळजवळ सपाट राहतो. १ हर्ट्झच्या आसपासच्या कामाला ओपी२७, आणि दीड मिनिटाच्या आवर्तनाला चॉपर, असे मी करीत आलो आहे. स्रोताचा रोध मेगाओहममध्ये असेल तर दोन्ही सोडून फेट (अत्यल्प इनपुट-प्रवाह घेणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या) इनपुटचा ॲम्प्लिफायर घ्यावा लागतो, पण लोडसेल ३५० ओहमचा असल्याने आपल्याला त्याची चिंता नाही.

लोडसेलसाठी आणखी एक वाट आहे आणि ती सर्वांत सरळ आहे. सेतूला (लोडसेलच्या आतल्या चार रोधांच्या ब्रिजला) डीसीऐवजी काही शे हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झचा एसी दाब द्यावा आणि त्याच वारंवारतेवर प्रतिसाद मोजावा. याला कॅरिअर ॲम्प्लिफायर म्हणतात. तशी सोय नसल्यास सेतूला दिलेला डीसी दाब दर अर्ध्या सेकंदाला उलटा करावा आणि लागोपाठच्या दोन वाचनांतील फरक घ्यावा. डाखातले मायक्रोव्होल्ट दिशा बदलत नाहीत, लोडसेलचा सिग्नल बदलतो, म्हणून वजाबाकीत ते निघून जातात. एका रिलेत आणि प्रोग्रॅमच्या दहा ओळींत हे जमते. तुमचा चढउतार या उलटापालटीनंतरही उरला, तर तो खरोखर भाराचा किंवा लोडसेलच्या तापमानाचा आहे. उरला नाही, तर तो जोडांचा होता.

मिक्सरच्या शाफ्टचे काम यंत्राआधी सेन्सरवरच अडते. आपण त्यासाठी नेहमीचा १०० मिलिव्होल्ट प्रति जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) चा आयईपीई, म्हणजे आत ॲम्प्लिफायर असलेला पिझो, ॲक्सेलरोमीटर (त्वरणमापक) योजला आहे. थोडे गणित करू. शाफ्ट ०.२ हर्ट्झवर ०.१ मिलिमीटर आरएमएस डोलत असेल, तर त्वरण ०.१६ मिलिमीटर प्रति सेकंद वर्ग येते. ते १६ मायक्रो-जी झाले आणि सेन्सरमधून १.६ मायक्रोव्होल्ट निघाले. बहुतेक आयईपीई सेन्सर ०.५ हर्ट्झच्या खाली आपली संवेदनशीलता गमावतात, म्हणजे तेवढेही हाती लागणार नाहीत. डीसीपर्यंत चालणारा मेम्स (सिलिकॉन चिपवरचा) ॲक्सेलरोमीटर घेतला तर आणखी एक गंमत होते. ज्या पायावर तो बसवला आहे तो पाया एक-हजारांश रेडियनने कलला तरी गुरुत्वाकर्षणाचा १ मिलि-जी त्यात शिरतो. तो आपल्या सिग्नलच्या ६० पट आहे. त्वरणाची दोनदा बेरीज करून विस्थापन काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डाव्या टोकाला जी प्रचंड घसरगुंडी दिसते, ती मशीनची नसते. मंद वारंवारतेचा गोंगाटच त्या बेरजेत हजारो पटींनी फुगलेला असतो.

याच ठिकाणी विस्थापन धातूला न शिवता थेट मोजणारा एडी-करंट प्रोब लावला तर त्याची नेहमीची संवेदनशीलता मायक्रोमीटरमागे ८ मिलिव्होल्ट असते. ०.१ मिलिमीटरला ८०० मिलिव्होल्ट. एकीकडे १.६ मायक्रोव्होल्ट आणि दुसरीकडे जवळजवळ १ व्होल्ट, आणि दोन्ही एकाच शाफ्टच्या एकाच डोलण्याचे. मग आपला आठ-बिटी स्कोप सुद्धा पुरतो. डोलणे दोन मिलिमीटरच्या पुढे जात असेल तर अशा प्रोबचा पल्ला संपतो. तिथे लेसर विस्थापन-सेन्सर किंवा एलव्हीडीटी (सरकत्या गाभ्याचा विस्थापन-सेन्सर) घ्यावा. प्रोबचा कंस मिक्सरच्याच चौकटीला बांधू नये, कारण ती चौकटही डोलते. जमिनीत वेगळा खांब रोवावा. शाफ्टचा पृष्ठभाग खरबडीत किंवा चुंबकित असेल तर प्रत्येक फेऱ्याला तीच खोटी लाट येते, म्हणून हाताने अगदी सावकाश एक फेरा फिरवून तिची वेगळी नोंद घ्यावी आणि ती मुख्य नोंदीतून वजा करावी.

फेऱ्यांची वारंवारता मोजायला काउंटर लागेल असे आपण लिहिले आहे. १ सेकंदाचे दार उघडून ०.२ हर्ट्झ मोजणाऱ्या काउंटरवर शून्य किंवा एक दिसेल. आवर्तनकाल मोजावा. तरी एक सापळा राहतोच. ०.२ हर्ट्झची १ व्होल्ट शिखराची लाट शून्य ओलांडताना सेकंदाला फक्त १.२६ व्होल्ट चढते. तिच्यावर १ मिलिव्होल्ट गोंगाट असला की ओलांडण्याचा क्षण ०.८ मिलिसेकंद मागेपुढे होतो आणि शिवाय एकाच चढणीत काउंटर दोन-तीनदा सुटतो. शाफ्टवर एक खाच आणि तिच्यासमोर प्रॉक्सिमिटी स्विच हा स्वस्त आणि निर्वेध उपाय आहे, कारण तिथे कडा उभी मिळते.

सिग्नल जनरेटर मात्र जरूर घ्यावा, आणि तो डीडीएस (लाट आकड्यांतून घडवणाऱ्या) जातीचा असावा. आज अगदी साध्या डीडीएस जनरेटरमध्येही १ मायक्रोहर्ट्झची पायरी मिळते. त्यातून ०.१ हर्ट्झची चौकोनी लाट काढून आपल्या साऱ्या साखळीत सोडावी. लाटेचा सपाट माथा उतरता दिसला की कुठेतरी कपॅसिटर लपलेला आहे असे समजावे. कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र यासाठी पुरेसे नसते. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे यंत्र पाठवण्यापूर्वी तिच्या मान्यतेच्या व्याप्तीत एसी दाब कोणत्या वारंवारतेपासून आहे हे वाचावे. पुष्कळदा तो पट्टा आपल्या पट्ट्याच्या बराच वर सुरू होतो. डीसीचे कॅलिब्रेशन चोख करून घ्यावे, आणि मंद वारंवारतेवरचा प्रतिसाद स्वतः आरसी परिपथाने पडताळावा. १०० किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड म्हणजे १ सेकंदाचा कालांक, ०.१५९ हर्ट्झवर ०.७०७ पट आणि ४५ अंश. कपॅसिटर पॉलिप्रोपिलीनचा असावा. इलेक्ट्रोलिटिक घेतला तर त्याची गळती आणि त्याची जुनी आठवण दोन्ही मोजणीत उतरतात. त्याच्यापुढे जोडलेल्या यंत्राचा इनपुट १० मेगाओहमचा असेल तर उत्तरात १ टक्क्याचा फरक पडेल, तो हिशेबात घ्यावा.

बडोद्यात राहून आपल्याला उद्या केबल किंवा ट्रान्स्फॉर्मरचे काम येणारच, म्हणून दोन शब्द तेही. त्या कामाला वरचा संच चालत नाही. १ किलोमीटरच्या ०.३ मायक्रोफॅरडच्या केबलला ५० हर्ट्झवर १८ किलोव्होल्ट द्यायचे तर १.७ अँपिअर, म्हणजे ३० केव्हीएचा संच ट्रकवर न्यावा लागेल. ०.१ हर्ट्झवर तेच काम ३.४ मिलिअँपिअरमध्ये होते. एक्सएलपीई (विशिष्ट पॉलिथिनच्या इन्सुलेशनच्या) केबलवर डीसी चाचणी का टाळतात आणि व्हीएलएफ का वापरतात, हे आयईईई ४००.२ मध्ये वाचायला मिळेल. ट्रान्स्फॉर्मरच्या कागदातील ओलावा जोखण्यासाठी इन्सुलेशनचा प्रतिसाद ०.१ मिलिहर्ट्झपर्यंत मोजतात. तिथे एक आवर्तन १० हजार सेकंदांचे, पावणेतीन तासांचे असते, आणि तेवढ्या वेळात तेलाचे तापमान बदलले तर आलेखच सरकतो. ती यंत्रे वेगळी, त्यांची जोखीम वेगळी. काम हाती आल्यावर भाड्याने घ्यावीत.

तर आपल्या ३ लाखांत: चार चॅनेलांचा, डीसी-कपल्ड, २४-बिटी डिजिटायझर, ज्याचे अँटी-एलियासिंग लेखी दिलेले आहे, वापरलेला साडेसहा अंकी मीटर, डीडीएस जनरेटर, दोन एडी-करंट प्रोब त्यांच्या ड्रायव्हरसह. उरलेले पैसे लोडसेलच्या कॅरिअर ॲम्प्लिफायरकडे वळवावेत. संगणकात कोणतेही मोफत गणिती सॉफ्टवेअर चालेल. त्यात एफएफटीपूर्वी सरळ उतार काढून टाकण्याची आज्ञा मात्र न विसरता द्यावी, नाहीतर रात्रभराच्या ड्रिफ्टची गळती पहिल्या दहा-वीस रेषा व्यापून टाकते.

सामान आल्यावर मिक्सरकडे किंवा लोडसेलकडे जाण्याची घाई करू नये. पहिल्या रात्री ॲम्प्लिफायरचे इनपुट तांब्याच्या आखूड तारेने शॉर्ट करावे, वर डबा पालथा घालावा, पंखा आणि एसी नेहमीसारखे चालू ठेवावेत आणि संध्याकाळी ७ पासून सकाळी ७ पर्यंत नोंद घ्यावी. दिवस-रात्रीच्या तापमानाच्या एका लांब, सावकाश लाटेचा अर्धा भाग त्यात दिसेल. तिला घाबरू नये; ती साडेअकरा मायक्रोहर्ट्झच्या आसपासची आहे आणि आपल्या पट्ट्याच्या खूप खाली आहे. ती वगळल्यावर १० सेकंद ते २ मिनिटांच्या आवर्तनांत जे उरेल, ते अर्ध्या मायक्रोव्होल्टच्या आत असेल तर लोडसेलचे काम हाती घ्यावे. नसेल तर आधी डबा उचलून जोड पाहावेत.